पेशवा दहा वर्षं, वर्ग चाळीस वर्षं, पालिका तीस वर्षं: विश्रामबागवाडा टिकला कसा?

पुण्यात एखादा जुना वाडा पाडायला काढला की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, वारसा वाचवा. दुसरी म्हणते, त्या गळक्या कौलांखाली तुम्ही एक पावसाळा काढून दाखवा, मग बोला. डिसेंबर २०२३ मध्ये बुधवार पेठेतला भिडे वाडा पाडला तेव्हा हेच झालं. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या बांधकामबंदीचा प्रश्न तर वर्षानुवर्षं बातम्यांत येतोच आहे. या गदारोळात ‘संरक्षित स्मारक’, ‘ग्रेड वन’, ‘प्रतिबंधित क्षेत्र’, ‘मूळ स्वरूपात जतन’ असे शब्द भराभर येऊन पडतात आणि साध्या वाचकाचा गोंधळ उडतो. नक्की काय वाचवायचं, कुणी, आणि कशासाठी?

हे समजून घ्यायला सगळे वाडे लागत नाहीत, एक पुरतो. शनिपाराजवळ थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा उभा आहे. त्याची ओळख ‘पेशव्यांचा वाडा’ अशी करून दिली जाते आणि ती खरीही आहे. पण पेशवा तिथे जेमतेम दहा-अकरा वर्षं राहिला. त्याच्या तिप्पट-चौपट काळ तिथे वर्ग भरले. नंतर जवळपास तीस वर्षं पुणेकर तिथे घरपट्टीच्या आणि नळाच्या तक्रारी घेऊन जात होते. माझं म्हणणं असं की हा वाडा या नंतरच्या बिनराजेशाही कामांमुळे टिकला, आणि म्हणून ती कामंही त्याच्या इतिहासाचाच भाग धरली पाहिजेत.

वाडा मुळात उभा कशावर राहतो?

हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

पेशवाईतल्या वाड्याच्या तळाशी दगडी जोतं असतं. जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर पाटाई आणि वरचा मजला. दोन खांबांमधल्या अंतराला ‘खण’ म्हणतात. वाड्याचं मोजमाप खणांत होतं: पाच खणी सोपा (पडवी), सात खणी दिवाणखाना. हे खण मधल्या मोकळ्या चौकाभोवती रचले की वाडा तयार. श्रीमंताच्या वाड्यात चौक दोन-तीन, शिलेदाराच्या वाड्यात एकच, पण हिशेब तोच.

महत्त्वाची गोष्ट अशी की मधल्या बहुतेक भिंती भार घेतच नाहीत. भार लाकडी सांगाडा घेतो आणि भिंती फक्त आडोशाचं काम करतात. गणेशोत्सवाचा मांडव डोळ्यांसमोर आणा: वासे जागेवर ठेवून कापडं हलवली की त्याच मांडवात आरती होते, जेवणावळ होते आणि रात्री गाणंही होतं. वाड्याचं तसंच आहे. दोन खणांमधला आडोसा काढा, वर्ग होतो. आडोसा घाला, कारकुनाची खोली होते. आजच्या फ्लॅटची भिंत काढायची म्हटली तर इंजिनिअरला विचारावं लागतं. वाड्यात हे कामचलाऊ बदल एक सुतार दोन दिवसांत करून देत असे.

म्हणजे वाड्याची रचनाच अशी आहे की मालक बदलला, काम बदललं, तरी इमारत अडून बसत नाही. विश्रामबागवाड्याच्या दोनशे वर्षांच्या कहाणीचं अर्धं रहस्य यात आहे.

शनिवारवाडा असताना नवा वाडा कशाला?

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. पुढची सत्तरेक वर्षं मराठ्यांच्या राजकारणाचं केंद्र तिथे होतं. पण दुसऱ्या बाजीरावाच्या दृष्टीने त्या वास्तूचा इतिहास बरा नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून तिथे झाला आणि त्या खुनाचा ठपका बाजीरावाच्या आईवडिलांवर, राघोबादादा आणि आनंदीबाईंवर आला. १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथेच वरून पडून गेले. मग बाजीराव गादीवर बसला. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याचा पराभव केला, तो पळाला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसला आणि इंग्रजी फौजेच्या आधाराने पुण्यात परत आला.

परतल्यावर राज्य करायला फारसं हातात उरलं नव्हतं, बांधकाम करायला पैसा मात्र होता. बुधवारात वाडा, शुक्रवारात वाडा आणि सदाशिव पेठेच्या बाजूला विश्रामबाग. यांतला विश्रामबागवाडा बांधायला सहा वर्षं आणि सुमारे दोन लाख रुपये लागले. क्षेत्रफळ वीस हजार चौरस फुटांच्या घरात. दर्शनी भागातला कोरीव सज्जा, सुरूच्या झाडासारखे खाली भरदार आणि वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी: हे सगळं लाकूडकाम पेशवाईच्या अखेरच्या काळात सुतार किती तयारीचे होते ते दाखवतं. सत्ता उतरणीला लागली असताना कारागिरी मात्र शिखरावर होती. बाजीरावाबद्दल मत काही असो (माझं फारसं चांगलं नाही), त्याच्या सुतारांबद्दल दुमत होऊ नये.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या जूनमध्ये बाजीरावाने इंग्रज अधिकारी माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन तो गंगेकाठी ब्रह्मावर्ताला गेला. पुण्याला तो पुन्हा आला नाही. १८५१ मध्ये तिकडेच वारला.

मालक गेला. मग?

राजवाड्याचं असं होतं तेव्हा नव्या सत्तेपुढे थोडेच मार्ग असतात. पाडा, विका, स्वतः राहा, किंवा कशाला तरी वापरा. इंग्रज अधिकाऱ्यांना पेठेत राहायचं नव्हतं. त्यांची छावणी पूर्वेला वसत होती, बंगले तिकडे होणार होते. म्हणून शहरातले पेशव्यांचे वाडे ‘वापरायच्या’ यादीत गेले.

विश्रामबागच्या वाट्याला पाठशाळा आली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तेव्हा दख्खनचा कमिशनर चॅपलिन होता आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन. पैसा आला तो दक्षिणेच्या निधीतून. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत आणि ती रक्कम लाखांत जाई. कंपनी सरकारला ती एकदम बंद करणं परवडणारं नव्हतं, तशीच चालू ठेवणंही नको होतं. तेव्हा त्यांनी काही वाटप राखलं आणि काही पैसा पाठशाळेकडे वळवला. पेशव्याचा वाडा, पेशव्याच्या रिवाजातला पैसा, पेशवाईतलेच शास्त्री आणि वर कंपनीची देखरेख. नव्या सत्तेने जुन्या प्रतिष्ठितांना सांभाळून घेण्याचा हा हिशेबी उद्योग होता. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय शिकवले जात. शिकायला मिळत होतं ते सुरुवातीला ब्राह्मणांनाच.

पुढे वारं बदललं. १८३७ पासून देखरेख मेजर थॉमस कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हेच ते कँडी. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत स्थिरावलं. आज येरवड्याला भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व शिकवणारी जी संस्था आहे, तिचा जन्म बाजीरावाच्या दिवाणखान्यातला आहे.

त्याच वाड्यात जोतीरावांना शाल

आता या वाड्याच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दिवस. १६ नोव्हेंबर १८५२. मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणाच्या कामाबद्दल सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा शाल देऊन सत्कार झाला, तो मेजर कँडींच्या हस्ते, विश्रामबागवाड्यात.

हा क्रम नीट पाहा. पेशवाई बुडून पस्तीस वर्षं झाली होती. बाजीराव ब्रह्मावर्तात आदल्याच वर्षी वारला होता. जिथे एकतीस वर्षांपूर्वी फक्त ब्राह्मणांसाठी पाठशाळा उघडली होती, त्याच छताखाली सगळ्यांना शिकवू पाहणाऱ्या माळ्याच्या मुलाला मान मिळत होता. त्याची शाळा जिथे १८४८ मध्ये सुरू झाली तो भिडे वाडा इथून पायी काही मिनिटांवर. वाडा नुसताच राजाचा राहिला असता, कुलूप लावून जपला असता, तर या दिवसाची जागा तो झालाच नसता. कारण तेव्हा ही इमारत शिक्षणखात्याच्या कामाची होती, म्हणून समारंभ तिथे.

बाहेरच्या पाटीवर बाजीरावाचं नाव ठळक असावं यात काही गैर नाही. पण हा दिवसही तेवढ्याच ठळकपणे तिथे वाचायला मिळाला पाहिजे.

१८७९ ची आग

लाकडी वाड्याचा खरा शत्रू आग. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. सरकारचा संशय साहजिकच तिकडे आणि एकूणच पुण्याच्या शिकलेल्या मंडळींकडे वळला. न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्याला बदली झाली ती याच दिवसांत. प्रत्यक्षात आगीच्या मुळाशी राजद्रोहापेक्षा सरकारी पुस्तकांच्या कोठारातली अफरातफर होती, असं पुढे निघालं. हिशेब जाळायला कुणीतरी पेशव्यांचे वाडे पेटवले! कागदपत्रं झाकायची ही रीत आपल्याकडे बरीच जुनी म्हणायची.

बुधवारवाडा भस्मसात झाला. १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने सुरू झालेलं सार्वजनिक ग्रंथालय, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्या वाड्यात होतं. त्याचे ग्रंथही गेले. विश्रामबागचा मोठा भाग जळाला, पण बाकीचा उरला. जळालेला भाग लोकवर्गणी आणि पालिकेच्या मदतीने पुन्हा उभारण्यात आला.

इथे थांबा, कारण ‘मूळ वाडा’ या कल्पनेला इथे पहिला तडा जातो. आज आपण जो विश्रामबागवाडा पाहतो, त्याचा काही भाग बाजीरावाच्या काळचा आणि काही भाग पेशवाई संपल्यावर साठ वर्षांनी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, पुणेकरांच्या वर्गणीतून झालेला आहे.

पालिका राहायला येते

१९३० मध्ये पुणे नगरपालिकेने वाडा एक लाख रुपयांना विकत घेतला. सव्वाशे वर्षांपूर्वी बांधायला लागले त्याच्या निम्मे, तेही रुपयाची किंमत बरीच उतरलेली असताना. वारसा म्हणून कुणी बोली लावत नव्हतं, कचेरीला जागा हवी होती इतकंच.

१९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा कारभार याच वाड्यातून चाले. साठ सालाच्या सुमारास मुख्य कचेरी शिवाजीनगरला नव्या इमारतीत गेली आणि वाड्यात उरली किरकोळ खाती. तळमजल्यावर कित्येक वर्षं टपाल कार्यालय होतं. टपालाच्या खिडकीशी रांगेत उभं राहताना डोक्यावर केळफुलांची नक्षी आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येई. अलीकडच्या काळात महापालिकेने टप्प्याटप्प्याने जतनाचं काम हाती घेतलं, दर्शनी लाकूडकाम रंगाच्या थरांतून मोकळं केलं आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आत मांडलं.

“वापराने वाडे टिकतात, तर शनिवारवाडा का गेला?”

रास्त शंका. इंग्रजांनी शनिवारवाडाही वापरला. आधी कलेक्टर रॉबर्टसन राहिला, मग तुरुंग, दवाखाना, वेड्यांचं इस्पितळ असं काय काय तिथे होतं. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली ती अनेक दिवस धुमसली, आणि तटाच्या आतलं जवळपास सगळं लाकूडकाम संपलं. दगडी तट आणि दिल्ली दरवाजा उरला, कारण दगड जळत नाही. दरवाजावरचा नगारखानाही वाचला.

फरक आगीनंतर पडला. शनिवारवाडा पुन्हा बांधावा असं कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं. कैदी दुसरीकडे ठेवता येतात आणि दवाखानाही हलवता येतो. नव्या सत्तेला त्या वाड्याच्या आठवणी जागत्या ठेवण्यात रसही नसणार. बाहेरच्या पटांगणात भाजीबाजार भरत राहिला, तो १८८६ च्या सुमारास मंडईची इमारत होईपर्यंत. त्या इमारतीवरच्या खर्चाला पालिकेतून विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते आणि आज मंडईला त्यांचंच नाव आहे. १९१९ मध्ये शनिवारवाडा संरक्षित स्मारक झाला तेव्हा संरक्षण मिळालं ते तटबंदीला आणि जोत्यांना. १८७९ नंतर विश्रामबागच्या बाबतीत मात्र ती जागा हवी असणारे लोक गावातच होते आणि त्यांनी खिशात हात घातला.

यात नशिबाचाही वाटा आहे हे मान्य केलं पाहिजे. त्याच रात्री जळालेला बुधवारवाडाही वापरातच होता. तिथे ग्रंथालय होतं, कचेऱ्या होत्या. तो पूर्ण गेला म्हणून परत आला नाही. वापर म्हणजे विमा नव्हे. वापर असला तर दुरुस्ती करायला कुणीतरी असतं, एवढंच.

“पण कचेऱ्यांनीच तर वाड्यांचं वाटोळं केलं!”

यातही तथ्य आहे. वाड्याचा मजला माणसं गादीवर बसतील अशा हिशेबाने बांधलेला असतो. त्यावर लोखंडी कपाटं आणि फायलींचे गठ्ठे ठेवले की तुळया वाकतात. खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, नक्षीत खिळे ठोकून तारा नेतात, चौकावर पत्रा टाकतात.

सगळ्यांत मोठं नुकसान सिमेंटने केलं आहे. जुन्या भिंती मऊ विटा, माती आणि चुन्याच्या. चुना ओल शोषतो आणि परत सोडतो. पावसाळ्यात भिंत भिजते, उन्हाळ्यात वाळते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते. भिंतीत रुतलेली तुळईची टोकं त्या ओलीत सडतात आणि बाहेरून दहा वर्षं काही दिसत नाही. मग एक दिवस मजला खचतो आणि ‘जुनं झालं, पाडा’ असा निष्कर्ष निघतो. पुण्यात कितीतरी वाड्यांचं वय न होता आयुष्य संपलं ते या दुरुस्तीमुळे. जतनाचं काम करणारे आधी सिमेंट खरवडतात आणि चुना परत आणतात, ते हौस म्हणून नाही. त्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालण्याची जुनी रीत आहे, ती चिकटपणा आणि टिकाऊपणा यावा म्हणून.

एक मात्र ध्यानात ठेवा. वाडा कधीच नुसतं खासगी घर नव्हता. पेशवाईतही वाड्यात फड असे, दप्तर असे, जामदारखाना असे, शंभर माणसांची ये-जा असे. कचेरी येणं म्हणजे वाड्याचा अपमान, ही समजूत आपली आजची आहे. प्रश्न कचेरीचा नसून ती कशी वापरली गेली याचा आहे.

“मग मूळ स्वरूपात आणा ना!”

कुठल्या मूळ स्वरूपात? बाजीरावाच्या की १८७९ नंतरच्या? पहिलं म्हणाल तर आगीनंतर पुणेकरांनी वर्गणी काढून बांधलेला भाग पाडावा लागेल आणि त्या जागी अंदाजाने नवा ‘जुना’ वाडा बांधावा लागेल. ते नाटकातलं नेपथ्य होईल. दुसरं म्हणाल तर पालिकेच्या काळातल्या खुणा पुसाव्या लागतील. त्यांतल्या काही खुशाल पुसाव्यात, पत्रे आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या राखून ठेवण्यात शहाणपण नाही. पण सरसकट कुठल्या तरी एका सालावर घड्याळ थांबवायचं म्हटलं की बाकीची सगळी वर्षं उडवावी लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याने वाड्याला इजा होते ते काढावं, ज्याने तो टिकला ते ठेवावं, आणि नवीन घातलेलं लाकूड नवीन म्हणून ओळखू यावं.

“हे सरकारी वाड्याचं झालं. माझ्या वाड्याचं काय?”

खरी मेख इथे आहे. विश्रामबागला खजिन्याचा आधार होता. पेठेतल्या साध्या वाड्याला नव्हता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी जवळपास गोठली. महिन्याला हातात येणारे रुपये आणि कौलं शाकारायचा खर्च यांचा मेळ बसेना. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात बसले. जे उरले त्यांच्या जागी पुढच्या दशकांत बिल्डर आला, कारण त्याच्या आराखड्यात मालकाला फ्लॅट होता आणि भाडेकरूलाही.

आता कायद्याचे ते अवघड शब्द. ऐतिहासिक इमारतींना संरक्षण तीन ठिकाणांहून मिळतं. केंद्राचं पुरातत्त्व खातं, राज्याचं पुरातत्त्व खातं आणि महापालिकेची वारसा यादी. शनिवारवाडा केंद्राकडे आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी (हेच ते ‘प्रतिबंधित क्षेत्र’) आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीशिवाय बांधकाम नाही. मोकळ्या माळावरच्या लेण्याला हा नियम शोभतो. दाट पेठेत त्याचा अर्थ असा होतो की शेजारच्या मोडकळीला आलेल्या वाड्यातल्या कुटुंबाला डागडुजीवर भागवावं लागतं, नवं बांधता येत नाही. स्मारक वाचतं आणि शेजारी टांगणीला लागतो. हा राग खोटा नाही.

महापालिकेच्या यादीत तीन श्रेणी आहेत. पहिलीत बदल जवळपास नाही, बळकटीपुरतं काम. दुसरीत आतून मर्यादित बदल करून नवा वापर चालतो. तिसरीत त्याहून सैल, भर रस्त्याच्या एकूण रूपावर. विश्रामबागवाडा पहिल्या श्रेणीत, म्हणजे ‘ग्रेड वन’मध्ये आहे. खासगी मालकाला मात्र श्रेणी म्हणजे बहुतेकदा नुसतंच बंधन वाटतं, कारण यादीत नाव आल्याने छपराचा खर्च कुणी देत नाही.

तरी काही वाडे खासगी हातांत राहूनही टिकले, आणि त्यांना काम मिळालं होतं. नारायण पेठेतला गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि तिथून केसरी निघू लागला. आज त्याला केसरीवाडाच म्हणतात. शुक्रवारातल्या एका वाड्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा करून संग्रहालय उभं केलं, आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथेच आणून उभारले. उलट उदाहरणही आहेच. भिडे वाड्याच्या तळमजल्यावर दुकानं चालू होती, म्हणजे वापर होता. पण तो वापर आणि वाड्याचं मोल यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. खटला वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी स्मारक बांधण्यासाठी वाडाच पाडावा लागला.

“राजस्थानासारखं हॉटेल करून टाका”

उदयपूरचा राजवाडा तळ्यात आहे, दगडी आहे आणि प्रचंड आहे. पुण्याचा वाडा लाकडी, दाट वस्तीत, पार्किंग नसलेला. प्रत्येक खोलीला न्हाणीघर द्यायचं म्हणजे पाण्याच्या नळ्या थेट तुळयांवरून न्यायच्या, आणि ओल हा तर तुळईचा वैरी. अग्निशमनाचे नियम पाळायचे म्हणजे जिने रुंद करायचे, म्हणजे मूळ खण तोडायचे. शिवाय पैसे भरू शकणारा पाहुणा सोडून इतरांना दार बंद. दोनशे वर्षांत विद्यार्थी, कारकून, नगरसेवक आणि मनीऑर्डरवाले यांच्यासाठी उघडं राहिलेलं दार त्यासाठी लावून घेणं मला पटत नाही.

काय चालेल, ते वाड्याची रचनाच सांगते. वजन कमी, पाणी कमी, माणसांची ये-जा भरपूर. प्रदर्शन चालतं, व्याख्यानं चालतात, दिवाणखान्यात बैठकीचं गाणं चालतं, अभ्यासिका चालते. जड पुस्तकांचं कोठार चालत नाही, स्वयंपाकघर तर अजिबात नाही. सुतारकाम आणि चुन्याचं काम शिकवणारा छोटा वर्ग इथे भरवता आला तर उत्तम, कारण ही कामं जाणणारे गवंडी आणि सुतार दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि शिकायला नमुना म्हणून यापेक्षा चांगली इमारत शहरात नाही. आणि त्या सगळ्याच्या आधी दरवर्षी मृगाच्या आत कौलं उतरवून पुन्हा बसवायला, पन्हळी साफ करायला आणि वाळवी तपासायला अंदाजपत्रकात वेगळी रक्कम लागेल. ती दहा वर्षांतून एकदा मोठा निधी जाहीर करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.